वीसपट जवळून

"हसू नकोस गं, अंगठा हलतो," निहार पोतनीस तिसऱ्यांदा म्हणाला.

समोरच्या खुर्चीतल्या मुलीनं ओठ घट्ट मिटले. तिचा डावा अंगठा मेणाच्या वाटीत पक्का रुतवलेला होता. नखावर औषधाचा थेंब चमकत होता आणि त्याच्या वर दोन बोटं अंतर राखून कॅमेऱ्याचं भिंग रोखलेलं होतं. खोलीत एका बाजूला मुलीची आई बसली होती, दुसऱ्या बाजूला होणाऱ्या नवऱ्याची आत्या. आत्याबाईंनी मुलीचा चेहरा दाराशीच एकदा पाहून घेतला होता. तो बरा होता. आता त्या चष्मा सावरून खऱ्या कामाला, म्हणजे नखाकडे, वळल्या होत्या.

साल दोन हजार अडुसष्ट. सांगलीतच काय, अख्ख्या महाराष्ट्रात आता नखपट पाहिल्याशिवाय लग्न ठरत नाही. पत्रिका मागे पडल्या. कांदेपोहे मात्र राहिले, ते कुठल्याही शास्त्राला हटवता आलेले नाहीत.

नखपट म्हणजे नखाचा खूप मोठा करून काढलेला फोटो. पण एवढ्यानं भागत नाही. नख मुळाशी, कातडीच्या आत घडतं आणि रोज साधारण केसाच्या जाडीएवढं पुढे सरकतं. घडताना त्या वेळी रक्तात जे काही फिरत असेल, त्याचा अंश त्यात अडकून बसतो. माणूस धास्तावला की रक्तात एक द्रव्य वाढतं, सुखावला की दुसरं. रक्तातून दोन्ही ओसरून जातात, नखात मात्र राहतात. वीस वर्षांपूर्वी डॉ. शाल्मली इनामदार यांनी एक औषध शोधून काढलं. त्याचा थेंब नखावर टाकला की धास्तीच्या जागी निळी रेघ उमटते, सुखाच्या जागी नारंगी. झोपेचा पट्टा करडा राहतो, त्यामुळे दिवस मोजता येतात. अंगठ्याच्या नखावर असे जवळजवळ चार महिने वाचायला मिळतात. त्याच्या आधीचं सगळं आपण नेलकटरनं कापून टाकलेलं असतं.

या रेघा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी निहारसारखा नखचित्रकार लागतो. नखाला बाक असतो, आणि इतक्या जवळचं भिंग एका वेळी कागदाच्या पापुद्र्याहून कमी खोली स्पष्ट दाखवतं. म्हणून कॅमेरा कणाकणानं खाली सरकवत शे-दोनशे फोटो घ्यायचे आणि संगणकानं प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एकच चित्र रचायचं. धंद्यात याला 'थर लावणं' म्हणतात. त्यात गिऱ्हाईक जिवंत असतं, त्याची नाडी चालते आणि नाडीबरोबर अंगठा थरथरतो. तेव्हा प्रत्येक फोटो दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत घ्यावा लागतो. माणूस हसला की ठोके पळायला लागतात आणि नखचित्रकाराच्या कपाळाला आठी पडते.

"तुमच्याकडे वीसपटी भिंग नाही का हो?" आत्याबाईंनी विचारलं. "समोर 'नखशिखांत'मध्ये काढतात म्हणे."

"चारपटी पुरतं, काकू. दिवस कसे गेले ते कळतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. माणसाचा स्वभाव कळतो."

"स्वभाव कळतो हो. पण दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी कुणाचा फोन येतो, ते कळत नाही ना!"

मुलीचं हसू आपोआप थांबलं. फोटो झकास आला, पण आत्याबाई तो हातात घेऊन निघाल्या त्या थेट रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात शिरल्या.

त्या महिन्यातलं हे असं सहावं गिऱ्हाईक. निहार तसा मनाला लावून घेणारा माणूस नव्हता. बावन्न वर्षांचा, गोल, गप्पिष्ट, आपल्या सुखी संसाराचं जाहीर कौतुक करणारा. जाहीर म्हणजे अगदी खरोखरचं जाहीर. दुकानाच्या दर्शनी काचेमागे त्यानं बायकोचा, ओवीचा, चारपटी नखपट दाराएवढा मोठा करून लावला होता. एकीखाली एक शंभर सकाळी, जवळपास सगळ्या नारंगी. खाली ओळ होती: 'लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर!' निम्मी गिऱ्हाइकं ते चित्र बघून आत यायची. आपण सकाळी चहा करतो, बातम्या वाचून दाखवतो, त्यावर आपल्या खास टिप्पण्या करतो, त्यामुळेच ओवीच्या सकाळी अशा उजळतात याबद्दल निहारला शंका नव्हती. त्या सकाळी हीच त्याची खरी कमाई होती.

वीसपटी घ्यायचं ठरवून तो शाल्मलीकडे गेला. जगासाठी डॉ. इनामदार असली तरी ती त्याची शाळेतली वर्गमैत्रीण. आता निवृत्त होऊन अंगणात वांगी लावत होती.

"ऑब्जेक्टिव्ह घ्यायचंय," निहार म्हणाला. ऑब्जेक्टिव्ह म्हणजे सूक्ष्मदर्शकाच्या टोकाला, वस्तूच्या बाजूला असतं ते भिंग. नखचित्रकार तेच काढून कॅमेऱ्याला जोडतात. "यादी केलीय बघ. हे साठपटी कसं आहे?"

शाल्मलीनं मातीचे हात झटकून यादी घेतली. "पटीला भुलू नकोस रे. धुरकट गोष्ट साठपट मोठी केलीस तर साठपट मोठी धुरकट गोष्ट मिळेल. शेजारचा आकडा बघ. भिंग किती तिरप्या बाजूंनी येणारा उजेड वेचून घेतं, त्याचा तो आकडा. वेचणी म्हण त्याला. वेचणी जितकी जास्त, तितक्या बारीक रेघा सुट्या दिसणार."

"मग सगळ्यात जास्त वेचणीचं घेतो."

"घे, आणि गिऱ्हाइकांची नखं फोड. ते नखाला टेकायच्या बेतात आल्याशिवाय बघतच नाही. उजेड कुठून टाकशील? शिवाय ही दवाखान्यातली भिंगं. वर पातळ काच ठेवलेली आहे असं धरून घडवलेली. उघड्या नखावर धुकं दाखवतील. का प्रत्येक नखावर काच चिकटवणार आहेस?"

"मग करू काय?"

"चिप तपासणाऱ्या कारखान्यांत वापरतात ती बघ. उघड्या वस्तूसाठी असतात आणि दोन सेंटिमीटर लांब राहून काम करतात. मागे एक जोडभिंग लागेल, त्याशिवाय त्यांचं चित्र जमत नाही. ते विसरू नकोस, नाहीतर भिंग घेऊन येशील आणि मला फोन करशील की काहीच दिसत नाही."

"बरं. पण दहापटी की वीसपटी?"

शाल्मलीनं यादी त्याला परत दिली. "दहापटीत अर्धा तास सुटा दिसतो. वीसपटीत दहा मिनिटं. मी स्वतः चारपटीच्या पुढे कधी गेले नाही."

"का? शोध तर तुझाच!"

"औषध मी शोधलं रे. पण माझ्याही घरात माणसं राहतात."

निहार मोठ्यांदा हसला आणि त्यानं वीसपटीच घेतलं. एका बंद पडलेल्या कारखान्यातून निवृत्त झालेलं, जुनं पण काचेवर ओरखडा नसलेलं. आता दुसरा कुणी असता तर नव्या भिंगाखाली एखादं नाणं ठेवून त्यानं पहिला फोटो काढला असता. पण पोतनीसांच्या दुकानात तीन पिढ्यांचा रिवाज होता. नवं भिंग आलं की त्याच्या डबीला हळदकुंकू लावायचं आणि पहिला फोटो घरच्या माणसाचा काढायचा. त्याशिवाय भिंग घरचं होत नाही म्हणे.

तेव्हा रविवारी सकाळी ओवी दुकानातल्या खुर्चीत, मेणात अंगठा रुतवून बसली.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

"चाळीस मिनिटं. वीसपटीत एका चौकटीत जेमतेम दहा दिवस मावतात. तीन चौकटी घेतो."

"चाळीस मिनिटं! माझे आराखडे कोण तपासणार?" ओवी बांधकामांचे आराखडे घरूनच तपासायची आणि तिच्या तावडीतून एक भिंत वाकडी सुटत नसे. "आणि नाक खाजलं तर?"

"मी खाजवतो."

"नको. तू ना, भलतीकडेच खाजवतोस."

ठोके पळाले. निहारनं आठी घालायचा प्रयत्न केला, पण त्याला स्वतःलाच हसू आवरत नव्हतं. चाळिसाची सत्तर मिनिटं झाली.

थर लावून चित्र तयार झालं ते सोमवारी दुपारी. चित्र अप्रतिम होतं. चारपटीत जिथे नारंगी पट्टे दिसायचे तिथे आता तंतूसारख्या सुट्या रेघा होत्या. निहारनं एक दिवस धरला आणि झोपेचा करडा पट्टा संपतो तिथून मोजायला सुरुवात केली. ओवी सहाला उठते. सात वाजता त्याचा चहा. साडेसातला बातम्या. आठला त्याच्या टिप्पण्या. हे सगळं भातासारखं पांढरं होतं. निळं नव्हतं, पण नारंगीही नव्हतं.

मग नऊ वाजून दहा मिनिटांनी एक रेघ. झगझगीत नारंगी.

निहार बरोबर नऊला घराबाहेर पडतो.

त्यानं दुसरा दिवस मोजला, मग तिसरा. नऊ दहा. नऊ दहा. चारपटी भिंगाला ही बारीक, कडक रेघ सुटी दाखवता येत नव्हती. त्यानं ती पसरवून अख्खी सकाळ नारंगी करून टाकली होती, आणि तीच सकाळ निहारनं दाराएवढी करून काचेत लावली होती. रविवारी तो घरी असतो. रविवारी रेघ नव्हती. जूनमध्ये चार दिवस तो प्रदर्शनासाठी नागपूरला गेला होता. त्या चारही दिवशी रेघ होती, आणि जरा रुंदच होती.

त्यानं काचेमागचं चित्र उतरवलं, उलटं करून भिंतीला टेकवलं आणि शाल्मलीला फोन लावला.

"मी गेलो की तिला आनंद होतो," तो म्हणाला. त्याचा आवाज ऐकून शाल्मलीनं थट्टा करायचं टाळलं.

"रेघ कधी ते सांगते, निहार. का ते सांगत नाही. ते माझ्या औषधाला कधीच जमलं नाही."

"मग मी वेळा बदलून बघतो. उद्या साडेआठला निघतो. मग कळेल."

"कळेल, दीड महिन्यानं. आज घडलेलं नख कातडीतून बाहेर यायला तेवढा वेळ लागतो. त्यापेक्षा तिला विचार ना. तोंड आहे तिला."

सोपी गोष्ट होती, म्हणूनच त्याच्यानं होईना. आठवडाभर तो साडेआठलाच घराबाहेर पडत राहिला. तिचं सुख अर्धा तास आधी सुरू होत असेल तर होऊ दे, अशा विचारानं तो कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसायचा आणि स्वतःच्याच उदारपणाचं त्याला कौतुक वाटायचं. बातम्या त्यानं मनातल्या मनात वाचल्या. टिप्पण्या बंद केल्या. शेवटी अठरा ऑगस्टला संध्याकाळी ओवीनंच चहाचा कप त्याच्यासमोर आपटला.

"काय झालंय तुला? दुकान बुडालं का?"

"नऊ वाजून दहा मिनिटांनी तू काय करतेस?" निहारनं एका दमात विचारून टाकलं.

ओवीचा चेहरा आधी कोरा झाला, मग कानापर्यंत लाल झाला. तिनं डावा हात मागे घेतला. "दिसतं? ते पण दिसतं?"

"दिसतं," निहार म्हणाला. आपलं पंचवीस वर्षांचं घर आता या स्वयंपाकघरात, चहाच्या दोन कपांच्या मधे कोसळणार, अशी त्याची खात्री झाली होती.

"खरवड खाते," ओवी म्हणाली.

"काय?"

"दुधाची खरवड. तू गेलास की दुसऱ्या पातेल्यात दूध काढते, तळाला जी चिकटून राहते ती चमच्यानं खरवडते, वर साखर घालते आणि ओट्यावर चढून बसून खाते. पाय हलवत. झालं समाधान? तू घरात असलास की कोलेस्टेरॉलवर भाषण देतोस, म्हणून तू गेल्यावर."

"आणि नागपूरला गेलो होतो तेव्हा?"

"तेव्हा लिटरभर जास्त घेतलं होतं."

निहार हसला. आधी हुंदक्यासारखं, मग खुर्चीतून घसरेपर्यंत. ओवीही हसली. पन्नाशीची, वाकड्या भिंती पकडणारी बाई ओट्यावर पाय हलवत बसते, हे चित्र त्याला इतकं आवडलं की त्यानं तिचा अंगठा धरून त्याचा मुकाच घेतला. त्याचं घर शाबूत होतं.

"मला कधी सांगितलं का नाहीस?" त्यानं डोळे पुसत विचारलं.

"त्यात सांगण्यासारखं काय आहे? माझं होतं ते."

निहार सुखात असला की त्याच्या उदारपणाला धरबंध राहत नसे. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, त्यानं म्हशीचं दोन लिटर दूध आणलं, स्वतः तापवलं आणि ओवीला ओट्यावर बसवून समोर पातेलं धरलं. तांबट आळीतून खरवडायला खास पितळी चमचा घडवून घेतला. कोलेस्टेरॉल हा शब्द घरातून हद्दपार केला. सोमवारपासून तो सव्वानऊपर्यंत घरी थांबू लागला आणि खरवड खाणाऱ्या ओवीकडे कौतुकानं बघू लागला. दुकानाच्या काचेमागे नवं, वीसपटी चित्र लागलं. नारंगी रेघेला बाण होता आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'हीच ती खरवड!' सांगलीला ही गोष्ट भारी आवडली. गिऱ्हाइकं रांगेनं येऊ लागली, 'नखशिखांत' ओस पडलं आणि भाजीवाली ओवीला विचारायला लागली, "काय वहिनी, झाली का आजची खरवड?" ओवी हसून म्हणायची, "झाली की."

दिवाळी उलटली. आता ते नवे दिवस नखावर आले असणार, असा हिशेब करून निहारनं ओवीला पुन्हा खुर्चीत बसवलं. या वेळी तिनं वेळ विचारला नाही, नाक खाजलं नाही, आणि काम चाळीस मिनिटांत झालं. चित्र तयार होईपर्यंत ती तिथेच मासिक चाळत बसली.

पडद्यावर ऑगस्टचे दिवस उमटले. तो आठवडाभर बाकावर जाऊन बसायचा त्या दिवसांतही रेघ होती, फक्त अर्धा तास आधी. हे बघून त्याला पुन्हा हसू फुटलं. सोळा ऑगस्ट, नारंगी. सतरा, नारंगी. अठरा, नारंगी.

एकोणीस ऑगस्टला काही नव्हतं.

त्याला वाटलं मोजणी चुकली. त्यानं परत मोजलं. वीस, एकवीस, बावीस. चित्र संपेपर्यंत प्रत्येक सकाळ भातासारखी पांढरी होती. म्हशीचं दूध होतं, पितळी चमचा होता, साखर होती, पातेलं धरून उभा असलेला, प्रेमानं बघणारा नवरा होता. ती रोज खात होती, पाय हलवत होती, आणि नखावर काहीच उमटत नव्हतं.  निहारनं तिचं काही चोरलं नव्हतं, फक्त जवळून पाहिलं होतं. तिच्या त्या दहा मिनिटांसाठी त्याला रडू यायला लागलं आणि त्यानं मान पडद्याकडेच ठेवली.

"काय म्हणतेय माझी खरवड?" ओवीनं मासिकातून विचारलं. "दिसतेय का?"

"दिसतेय की," निहार म्हणाला. "पहिल्यापेक्षा ठळक आलीय."

"मी म्हटलंच होतं," ओवी म्हणाली. "हल्ली जास्तच मजा येते." ती त्याच्याकडे बघून छान हसली. हसता हसता तिनं डाव्या हाताची मूठ मिटली आणि अंगठा आत घेतला.

निहारही हसला. त्या क्षणी दोघांच्याही अंगठ्यांच्या मुळाशी, कातडीखाली, नवं नख घडत होतं. ते दीड महिन्यानं बाहेर येणार होतं, आणि वीसपटी भिंग आता घरचंच होतं.